निवृत्तीनंतरचे ताट

कोसल देशाचा राजा पसेनदी एकदा भरपेट जेवून, धापा टाकीतच भगवान बुद्धांकडे आला. द्रोणभर भात हे त्याचे नेहमीचे जेवण. भगवंतांनी त्याला मिताहाराची एक गाथा सांगितली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली व रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. त्याबद्दल रोज शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला व अंगाने हलका झाला. संयुत्तनिकायातील ही गोष्ट आमच्या निवृत्त बांधवांनी जरूर ऐकावी. गाथा म्हणण्याचे काम आपल्याकडे नातवंडे फुकटात करतील!

गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे अंगमेहनत केली, त्यांचा आहारही तसाच होता. आता पाळी संपली, पण चार भाकऱ्या तशाच राहिल्या. वर दिवसभर चहा. सहा कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे नुसत्या चहातून पन्नास-साठ ग्रॅम साखर पोटात गेली. मग पोट सुटते, गुडघे बोलू लागतात, रक्तदाब वाढतो. आयुष्यभर घाम गाळून जमविलेला फंड नातवाच्या शिक्षणाऐवजी दवाखान्यात जातो, याचे आम्हांस फार वाईट वाटते.

घरात शिवणाची टेप असेल तर कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की सावध व्हावे.

मात्र उपाशी राहून वजन उतरवू नये. म्हातारपणी त्यात चरबीबरोबर स्नायूही झडतात. एक भाकरी कमी करा, पण मुगाची उसळ, डाळ, अंडे, मासळी कमी करू नका. अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्या ज्या उपासक-उपासिकांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. साखर एकदम उतरली तर जिवावर बेतते.

आमच्या माता-भगिनींना तर निवृत्तीच नाही. दिवसभर त्या उभ्याच असतात, म्हणून त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज नाही असे घरचे पुरुष खुशाल ठरवितात. शिवाय उरलेले अन्न टाकायचे नाही म्हणून रात्री तेच खायचे त्यांनी! अन्न मोजून शिजवावे, आणि संध्याकाळी अर्धा तास दोघांनी मिळून बाहेर पडावे.

आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-अर्धा तास भरभर चालणे पुरे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेग असावा. चंक्रमणाचे जे पाच लाभ भगवंतांनी सांगितले, त्यांत खाल्लेले नीट पचते व आजार कमी होतात, हेही आहेत. पावसाळ्यात चाळीच्या गॅलरीत चाला. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभे राहा, म्हणजे तोल सुधारतो. चालताना छातीत दुखले, किंवा फार दम लागला, तर तिथेच थांबावे व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.