मागे बसलेल्या माणसाचा विमा आहे का?

(दुचाकी, रिक्षा, टेम्पो, चारचाकी चालवणाऱ्या आणि त्यांत बसणाऱ्या सर्वांसाठी)



हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली की आपण मोबाईल काढतो, विम्याचा कागद दाखवतो, "आहे ना इन्शुरन्स, साहेब" म्हणतो आणि किक मारून पुढे निघतो. विमा नसता तर पहिल्या खेपेला दोन हजार दंड, दुसऱ्या खेपेला चार हजार. तो वाचला, विम्याचं काम झालं, अशी आपली समजूत.

मागे बसलेली बायको त्या कागदात आहे का, हे हवालदार विचारत नाही. ते मी विचारतो.

मी वकील नाही, एजंटही नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून सव्वीस वर्षं अपघाताच्या दाव्यांचे अर्ज टाइप केले. आधी रेमिंग्टनच्या खटखटाटात, नंतर कॉम्प्युटरवर. माझ्यासमोर बसून रडलेल्या माणसांपैकी निम्म्यांना तरी तोवर माहीत नव्हतं, की आपण भरलेल्या पैशांत आपलं माणूस धरलेलंच नव्हतं.

मोटार वाहन कायदा, 1988. कलम 146. रस्त्यावर गाडी आणायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने ज्याला धडक दिली तो. सगळ्यात स्वस्त कागद याच विम्याचा, आणि हवालदाराला एवढाच पुरतो. सरकारने 2022 साली ठरवलेल्या दरांनुसार 150 सीसीपर्यंतच्या नेहमीच्या मोटारसायकलला वर्षाला 714 रुपये, 1000 सीसीपर्यंतच्या कारला 2,094 रुपये. घेतला, सुटलो.

आता रात्रीची वेळ. रस्त्यावर खडी पसरलेली, समोर कुत्रं आडवं येतं, गाडी घसरते. दुसऱ्या कुठल्याही गाडीचा संबंध नाही. मागे बसलेली बाई डोक्यावर पडते. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत तिला काही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली हे स्पष्ट केलं आहे. कारमध्ये फुकट बसवलेल्या शेजाऱ्याचंही तेच. ट्रकने धडक दिली असती तर ट्रकच्या विमा कंपनीकडे मागता आलं असतं. इथे मागायचं कुणाकडे? कायद्याच्या नजरेत दोषी एकच, गाडी चालवणारा नवरा. ज्या अनोळखी माणसाला आपण धडक देऊ त्याची सोय सक्तीची, आणि जिला आपण दवाखान्यात घेऊन चाललोय तिची ऐच्छिक, असा हा हिशेब आहे.

पॅकेज पॉलिसीत, म्हणजे ज्याला आपण 'फुल इन्शुरन्स' म्हणतो त्यात, मागे बसणारा आणि कारमधला प्रवासी धरलेला असतो. विमा नियामकाने 2009 मध्ये कंपन्यांना हे बजावून सांगितलं. पण आपल्या गाडीची पॉलिसी पॅकेज आहे की नुसती थर्ड पार्टी, हे किती घरांत माहीत असतं? एजंट म्हणतो, "सगळं कव्हर आहे, काका." त्याला विचारा, मागच्या सीटचं काय? तो फोन कानाला लावून बाजूला जातो.

याहून वाईट हाल मालाच्या टेम्पोत बसणाऱ्यांचे. लग्नाचं वऱ्हाड टेम्पोत, जत्रेची माणसं टेम्पोत, ऊसतोडीचं बिऱ्हाड ट्रॉलीत. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी असेल तर विमा लागू. बाकी हौसेने किंवा नाइलाजाने चढलेले विम्याच्या बाहेर. हेही सर्वोच्च न्यायालयाने 2003 सालीच सांगितलं, आणि आपल्याकडे टेम्पोला फुलांच्या माळा लावून वऱ्हाड आजही निघतं. नवरदेवाच्या बापाने मंडप, बँड, आचारी यांची चौकशी दहा वेळा केलेली असते.

आणखी एक. चालवणारा स्वतःच गेला तर? मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा 2018 पासून पॉलिसीसोबत घ्यावा लागतो, दुसरीकडे तेवढाच विमा असेल तरच सूट. तो मिळायला दुसऱ्या कुणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. पण गाडी मयताच्या नावावर हवी आणि त्याचं लायसन्स चालू हवं. खेड्यात काय होतं? बाप जाऊन सहा वर्षं झालेली असतात, आरसी अजून बापाच्याच नावावर आणि गाडी पोरगा चालवतो. उद्या पोरगा गेला तर 15 लाख गेले. सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे खेटे घालतो, तसेच दोन खेटे आरटीओत घाला.

आता अपघात झाला असं धरा.

बघ्यांची गर्दी जमते, कुणी हात लावत नाही. "पोलिसांचं लचांड नको." ही भीती एकेकाळी खरी होती. आता कायदाच उलटा आहे. 2019 च्या दुरुस्तीत कलम 134अ आलं. जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्यावर कसलीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. 108 लावा, 112 लावा, राष्ट्रीय महामार्गावर 1033 लावा. दवाखान्याने "आधी पैसे भरा" किंवा "आधी पोलीस येऊ द्या" म्हटलं तर सांगा, की तातडीचे उपचार देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1989 पासूनचा आहे. केंद्र सरकारच्या 5 मे 2025 च्या अधिसूचनेनुसार रस्ता अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवस, बिनपैशाचे उपचार मिळायचे आहेत. जखमीचा स्वतःचा विमा असो वा नसो. माझी मागणी साधी आहे. जिथे ही योजना लागू आहे, तिथे अपघात विभागाच्या दारावर हे मराठीत, हाताएवढ्या अक्षरांत लिहा. पार्किंगचे दर लिहिता येतात, तर हेही लिहिता येईल.

मग येते 'जागेवरची मिटवामिटवी'. ज्याच्या हातून चूक झाली तो हात जोडतो, गावातला कुणी वजनदार माणूस मध्यस्थी करतो, पंधरा-वीस हजार मिळतात, मयत असेल तर पन्नास हजार, आणि फिर्याद द्यायचीच राहते. मी बघितलेल्या सगळ्या फसवणुकींत ही सर्वांत मोठी, कारण ती माणुसकीचा अंगरखा घालून येते. हिशेब करून दाखवतो. बत्तीस वर्षांचा माणूस, स्वतःचा छोटा धंदा, महिना 15,000 कमाई. मागे बायको, दोन मुलं, आई. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 आणि 2017 च्या निकालांनी रीत ठरवून दिली आहे. पुढे वाढली असती त्या कमाईपोटी 40 टक्के मिळवा, झाले 21,000. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करा, उरले 15,750. वर्षाचे 1,89,000. बत्तिसाव्या वर्षाला गुणक 16. तीस लाख चोवीस हजार. हे पैसे धडक देणाऱ्याच्या घरातून येत नाहीत, त्याची विमा कंपनी भरते. त्याची दया येऊन आपण कंपनीचे तीस लाख वाचवतो.

पूर्वी अर्जात बाईच्या नावापुढे आम्ही टाइप करायचो : 'व्यवसाय – घरकाम, उत्पन्न – निरंक'. पहाटे पाचला उठणाऱ्या बाईचं उत्पन्न निरंक! मीच टाइप केलंय, याच बोटांनी. जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामालाही मोल आहे आणि नुकसानभरपाईत ते धरलंच पाहिजे, असं ठासून सांगितलं. तुमच्या अर्जात 'निरंक' दिसलं तर सही करू नका.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला मुदत सहा महिने. 1 एप्रिल 2022 पासूनची. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. तेरावं, वर्षश्राद्ध होईपर्यंत कोर्टाचं नाव काढायचं नाही, ही आपल्या घरांची रीत. सहा महिन्यांत अर्ज द्या म्हणणाऱ्या कायद्याला आपलं सुतक ठाऊक नाही. मुंबईजवळ अपघात झाला म्हणून मुंबईला खेपा घालायलाही नकोत, स्वतः राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. एफआयआरची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम रिपोर्ट, कमाईचा पुरावा, एवढं गोळा करा. अपघाताचा प्राथमिक अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. पोलीस ठाण्यात जाऊन "पाठवला का?" एवढं विचारा. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार सरकारी योजनेतून मिळतात.

दवाखान्याच्या दारात एक गोड बोलणारा माणूस भेटेल. "काही भरू नका, आलेल्या रकमेत तीस टक्के." वकिलाने निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन 15100.

गाडीच्या नुकसानीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पत्रा पुन्हा मिळतो. फुल इन्शुरन्स म्हणजे फुल पैसे नव्हेत. बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी घट धरतात. ही घट न धरणारं 'झिरो डेप' संरक्षण घेतलं नसेल तर त्या भागांचं अर्धं बिल तुमचं. नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा मिळतो, पण गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षात संपतो, आणि मालक दुसऱ्या वर्षी निर्धास्त असतो. जुलै 2021 मध्ये चिपळूणला पुरात गाड्या बुडाल्या. गाडी पाण्यात उभी राहिली तर स्टार्टर मारू नका, ओढून न्या. चालू करून इंजिन गेलं तर वेगळं इंजिन संरक्षण नसताना कंपनी हात वर करते. दावा नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे, मुंबईत आणि पुण्यात. पन्नास लाखांपर्यंत, फी नाही, वकीलही नको.

कुणी म्हणेल, पॉलिसी वाचायची जबाबदारी घेणाऱ्याची. मान्य, पण मग ती आमच्या भाषेत छापा. पहिल्या पानावर, ठळक टाइपात एक ओळ : 'मागे बसणारी व्यक्ती / आतील प्रवासी : धरले आहेत / नाहीत'. नियामकाने हा आदेश काढावा, अशी आमची मागणी आहे. तो निघेपर्यंत या पत्रकाची मागची बाजू कोरी सोडली आहे. पेनाने लिहा : कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, संपण्याची तारीख. आणि चौथ्या ओळीत, एजंटला विचारून, 'मागचा माणूस' असं लिहून त्यापुढे हो किंवा नाही. 'नाही' आलं तर मागे बसणाऱ्याला ती ओळ दाखवा, आणि मग गाडी सुरू करा.