राजवाड्याची नाडी

आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत त्याचा बराच भाग भस्मसात झाला. अशा वास्तूत ओलावा, उष्णता व भिंतींचा कल टिपणारे संवेदक बसवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र निव्वळ आकड्यांवर शिकलेले यंत्र फसेल. तुळई मोडण्याचा प्रसंग त्या आकड्यांत नसतोच, (तो नसावा हेच बरे!) तो पदार्थविज्ञानाच्या नियमांनी संगणकावर कल्पून यंत्रास शिकवावा लागतो. उलट, जुन्या लाकडात जोर किती उरला आहे, हे गणितास कोठून ठाऊक? ते प्रत्यक्ष मोजमापच सांगणार. दोहोंचा मेळ यंत्राने घातला, तर पावसाळ्यापूर्वी कोणती तुळई आधी तपासावी, हे सुतारास वेळीच कळेल.