दवाखान्याची चौकशी दुखण्याआधी करा

कापडाचा एक तागा घ्यायचा तर आमचा व्यापारी तीन पेढ्यांवर भाव विचारतो, पोत चोळून पाहतो, रंग उतरतो का तेही पाहतो. हाच माणूस घरात कोणी आजारी पडले की रिक्षावाला नेईल त्या दवाखान्यात जातो आणि काउंटरवर सांगतील ती रक्कम भरतो. दवाखान्याची चौकशी तब्येत ठणठणीत असतानाच झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नांदेडची डॉक्टर लेन काय किंवा लातूर शहर काय, तज्ज्ञ डॉक्टरांची वाण नाही. वाण आहे ती माहितीची, आणि तिची किंमत कारागीर मोजतो. शिलाई करणाऱ्याला हृदयविकाराचा झटका येतो, योजनेत नसलेल्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी होते, मशीन विकली जाते. दुकानदाराकडून घेतलेली उचल मग वर्षानुवर्षे मजुरीतून कापली जाते. रेशनकार्ड मात्र पेटीत पडून असते.

त्याच कार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी तिची मर्यादा दीड लाख होती. आता दर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत इलाज होतो. पांढरे कार्डधारकही तीत आले आहेत. "ती गरिबांची योजना" म्हणून दुकानदारांनी तिकडे पाठ फिरवू नये. मात्र रुग्णालय योजनेत आहे का आणि हव्या त्या आजारासाठी आहे का, हे आधी विचारावे. भरती होतानाच आरोग्यमित्राकडे कागद द्यावेत. रोख बिल भरून झाल्यावर हात चोळत बसावे लागते.

आपल्याकडे अडचण नावांची येते. आधारवर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरे. कुठे "बी", कुठे "बेगम". ही दुरुस्ती आजच करून घ्या. रुग्ण खाटेवर असताना तहसीलच्या खेपा घालणे कोणाला जमणार?

सरकारी दवाखान्याबद्दलही गैरसमज आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत इलाज मोफत केला गेला. नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंघजी जिल्हा रुग्णालय त्यात येते. विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख ही वैद्यकीय महाविद्यालये दुसऱ्या खात्याची आहेत; तेथे शुल्क लागू शकते, पण खाजगीच्या मानाने थोडेच.

विष्णुपुरीत ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. अनेक रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेत आणले गेले, असे तेव्हा रुग्णालयाने सांगितले. औषधे आणि मनुष्यबळ यांचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण उशीर करणे तरी आपल्या हातात आहे ना? दुकान बंद राहील म्हणून दुखणे अंगावर काढणे हा तोट्याचा सौदा आहे.

खाजगीत जायचे तर बिचकू नका. दरफलक लावणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पाहा. ऑपरेशनच्या खर्चाचा अंदाज लेखी मागा. घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. तो रुग्णाचा हक्क आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी असतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. कर्करोगाची शंका आली तर थेट मुंबईची गाडी धरण्याआधी बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय किंवा औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय कर्करोग रुग्णालय येथे चौकशी करावी.

वजिराबाद आणि गंजगोलाईच्या व्यापारी बांधवांना एकच विनंती. योजनेतील रुग्णालयांची यादी, कोणत्या दिवशी कोणते तज्ज्ञ बसतात ते, आणि १०८ रुग्णवाहिकेचा क्रमांक एका कागदावर लिहून गल्ल्याजवळ लावा. कारागिराला उचल देताना त्याची कागदपत्रेही एकदा पाहा. त्याची मशीन वाचली तर आपलाही माल वेळेवर तयार होईल.