विश्लेषण : जुन्या पिकअपला पोलीस गाडीचे ‘नाक’… सोय की जोखीम?

जुन्या फोर्ड किंवा शेव्हरोले पिकअपच्या पुढच्या भागाची कापाकापी करून तिथे अलीकडच्या मोटारीचा सांगाडा बसवण्याची पद्धत अमेरिकेतील हौशी मेकॅनिकांमध्ये अनेक दशके रुळली आहे. बाहेरून गाडी आजोबांच्या काळातली, पण स्टीअरिंग आणि ब्रेक हल्लीचे, असा हा सौदा. तो स्वस्तही दिसतो. मात्र याचे दोन प्रकार आहेत. त्यातला एक शहाणपणाचा आणि दुसरा आता सोडून द्यावा असा आहे. दोन्हींचा उल्लेख बऱ्याचदा एकाच दमात होत असल्याने हा फरक लक्षात येत नाही.

मुळात बदलायचे काय असते?

फोर्डची एफ-मालिका १९४८ मध्ये आली आणि एफ-१०० हे नाव १९५३ मध्ये. शेव्हरोलेचे गोलसर नाकाचे पिकअप १९४७ चे. या सगळ्यांची पुढची रचना बैलगाडीच्या आखासारखी होती. दोन चाकांना जोडणारा एकच अखंड लोखंडी ॲक्सल, त्याखाली पाटे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. डावे चाक खड्ड्यात गेले की उजवेही कलते आणि स्टीअरिंगला हिसका बसतो. शेतातून बाजारापर्यंत धान्य नेणाऱ्या गाडीला त्याचे काही वाटत नसे. अमेरिकेतील इंटरस्टेट महामार्गांचा कायदाच मुळी १९५६ चा.

आज त्याच गाडीला ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर वेगाच्या रांगेत शिरावे लागते. ताशी ८० किलोमीटरच्या तुलनेत या वेगाला ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास दुप्पट असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ड्रम ब्रेक तापला की ड्रम प्रसरण पावून आतल्या पट्ट्यांपासून दूर सरकतो आणि पेडल खाली जाते. शिवाय १९६७ पूर्वीच्या बहुतेक अमेरिकी पिकअपमध्ये ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. तेव्हा असा ट्रक रोज चालवायचा असेल तर पुढचा भाग बदलावा असे मालकाला वाटणे चूक नाही. मूळ रूपाच्या आग्रहापायी ब्रेक न लागणारी गाडी महामार्गावर आणण्यात कसलाही वारसा जपला जात नाही.

‘क्लिप’ म्हणजे काय?

मोटारीच्या चासीचा पुढचा तुकडा, म्हणजे इंजिन बसते त्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारा आडवा क्रॉसमेंबर, स्प्रिंग, आर्म, स्टीअरिंग आणि डिस्क ब्रेक हा सगळा संच एकत्र उचलायचा. ट्रकची चासी केबिनच्या पुढे कापायची आणि हा संच तिथे वेल्डिंगने जोडायचा. याला तिकडे ‘फ्रंट क्लिप’ म्हणतात.

शेव्हरोलेच्या कॅमारो आणि नोव्हा या मोटारींचा पुढचा भाग त्यासाठी फार वापरला गेला. या गाड्यांच्या मागच्या भागाला वेगळी चासी नव्हती. पुढचा सांगाडा बोल्टने जोडलेला असल्याने तो भंगारातल्या गाडीतून सहज सुटत असे. क्रायस्लर कंपनीच्या १९७६ ते ८० मधल्या व्होलारे गाडीचाही संच असाच निघे. फोर्डच्या १९७४ ते ७८ मधल्या मस्टँग-२ या छोट्या मोटारीचे सस्पेन्शन तर इतके लोकप्रिय झाले की, आज बाजारात त्याच नावाने नवेकोरे सुटे संच मिळतात. त्यांतल्या कित्येकांत मूळ मस्टँगचा म्हणावा असा भाग क्वचितच असतो, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

क्राउन व्हिक्टोरियाच का?

गेल्या काही वर्षांत या कामात सर्वाधिक चर्चा आहे ती फोर्डच्या क्राउन व्हिक्टोरियाची. हॉलिवूडच्या चित्रपटांतील पोलिसांची गाडी आणि न्यूयॉर्कची पिवळी टॅक्सी म्हणून ती मराठी प्रेक्षकांनाही ओळखीची असेल. तिची शेवटची गाडी सप्टेंबर २०११ मध्ये कॅनडातील सेंट थॉमस कारखान्यातून बाहेर पडली. स्वतंत्र चासीवर बांधलेल्या मोठ्या अमेरिकी सेडानची ती अखेरची पिढी. तिच्यानंतरच्या बहुतेक मोटारींत चासी आणि बॉडी एकच असते, त्यामुळे कापून घ्यायला वेगळा सांगाडाच उरत नाही.

२००३ मध्ये फोर्डने या गाडीचा पुढचा भाग नव्याने रचला. जुना स्टीअरिंग बॉक्स जाऊन रॅक-अँड-पिनियन आले. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकात एक बसवले गेले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सगळे ॲल्युमिनियमच्या एका क्रॉसमेंबरवर आले आणि तो क्रॉसमेंबर चासीला बोल्टने जोडलेला होता. गाडीचे वजन जवळपास १९०० किलो, त्यामुळे ब्रेकही तसेच दणकट.

दोन प्रकारांतला फरक इथे आहे. क्राउन व्हिक्टोरियाचा हा क्रॉसमेंबर जुन्या एफ-१०० च्या अखंड चासीखाली बसवता येतो. चासीच्या पट्ट्यांना खालून खाच घ्यावी लागते, त्या जागी पोलादी पट्ट्या लावून बळकटी द्यावी लागते, छिद्रे पाडावी लागतात. पण ट्रकच्या दोन लांब पट्ट्या पुढून मागेपर्यंत मूळच्या आणि सलग राहतात. क्लिपच्या पद्धतीत त्या तुटतात आणि ट्रकचे पुढचे सगळे वजन वेल्डिंगच्या दोन जोडांवर येते.

दोन जोडांचा प्रश्न

ट्रकची चासी शिडीसारखी असते. पुढे इंजिनाचा भार, मध्ये केबिन, मागे हौदा. रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला या शिडीला किंचित वाक आणि पीळ बसतो. क्लिपचा जोड बहुधा केबिनच्या पुढच्या भिंतीच्या आसपास येतो आणि वाकाचा ताणही तिथेच मोठा असतो.

दोन पट्ट्या समोरासमोर टेकवून उभी सरळ रेघ वेल्ड केली, तर सगळा ताण त्या एका रेघेवर पडतो. वेल्डिंगची रेघ कदाचित टिकेल, पण तिच्या शेजारचा उष्णतेने बदललेला पोलादाचा पट्टा थकतो आणि तडा तिथून जातो. जाणकार फॅब्रिकेटर म्हणूनच सरळ काप घेत नाही. तो तिरका किंवा पायरीसारखा काप घेतो, आतून जोडपट्टी सरकवतो, बाहेरून निमुळत्या टोकांची पट्टी लावतो आणि पट्टीच्या टोकाशी चासीला आडवी वेल्डिंग करणे टाळतो. त्यात ट्रकची पट्टी इंग्रजी ‘सी’ आकाराची उघडी, तर मोटारीची बहुधा चौकोनी नळीसारखी बंद. दोघींची उंची वेगळी, पत्र्याची जाडी वेगळी, दोन पट्ट्यांमधले अंतरही वेगळे. ही तफावत मिटवायला मधे तुकडे घालावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याबरोबर एक जोड वाढतो.

हे काम नीट करणारे लोक आहेत. प्रश्न असा की ते नीट झाले आहे की नाही, हे रंग मारल्यावर कुणालाच दिसत नाही. वेल्ड वरून सुबक दिसूनही आत मुरलेले नसू शकते.

मोजमापाचीही तीच गत. चासी जमिनीला समांतर टेकू देऊन, कर्ण मोजून, चाकाचा मध्य मडगार्डच्या कमानीत आणून मगच काप घ्यायचा असतो. क्लिप एखादा अंश पुढे झुकली की ‘कॅस्टर’ बदलतो, म्हणजे वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ कमी होते. दोन्ही बाजू समान नसतील तर गाडी कायम एका अंगाला खेचते. अलाइनमेंटच्या दुकानात हे थोडेफार सावरता येते. वाकडी जोडलेली चासी मात्र तिथे सरळ होत नाही.

बोल्टने बसणारा क्रॉसमेंबरही बिनखर्चाचा नाही, हे सांगायला हवे. तो फोर्डच्या ४.६ लिटर व्ही-८ इंजिनासाठी घडवलेला आहे. जुन्या इंजिनाच्या ऑइल पॅनचा खोल भाग त्यावर आदळू शकतो. स्टीअरिंगचा दांडा एग्झॉस्टच्या नळ्यांना चुकवत न्यावा लागतो. या गाडीची पुढची चाके एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या अरुंद ट्रकला ती मडगार्डबाहेर डोकावतात, साठ-सत्तरच्या दशकातल्या रुंद ट्रकला बरी बसतात. आणि एक त्रास हमखास. एफ-१०० च्या चाकाचे पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर, क्राउन व्हिक्टोरियाचे साडेचार इंचांच्या. पुढची रिम मागे बसत नाही, एक स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही. मग मागचा ॲक्सलही बदलायचा, बहुधा फोर्ड एक्स्प्लोररचा. भंगारातून स्वस्तात आणलेल्या एका संचाने सुरू झालेले काम ट्रकच्या मागच्या टोकापर्यंत जाते. स्वस्ताईचा हिशेब मांडणारे हा भाग सहसा मांडत नाहीत.

नवे नाक म्हणजे नवी सुरक्षितता?

नाही. सुरक्षेच्या दृष्टीने खरी चूक इथे होते. क्राउन व्हिक्टोरियाचा क्रॉसमेंबर आणल्याने तिची एअरबॅग येत नाही. एबीएसचे सेन्सर चाकावर राहिले तरी त्यांचे नियंत्रण करणारी यंत्रणा नसेल तर ते निव्वळ शोभेचे. अपघातात चेपून धक्का पचवणारा चासीचा पुढचा भाग तर भंगारातच राहतो.

केबिनमधले धोके जसेच्या तसे असतात. त्या काळच्या ट्रकचा स्टीअरिंगचा दांडा अखंड लोखंडी. समोरून धडक झाली की तो मागे, चालकाच्या छातीच्या दिशेने येतो. धडकेत आत दुमडणारा दांडा अमेरिकी मोटारींत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. साठच्या दशकातल्या फोर्ड आणि शेव्हरोले पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे असे. सीट बेल्ट असला तरी कमरेपुरता. पुढचा भाग बदलण्यापूर्वी हा ट्रक ताशी ८० च्या वर थरथरायचा आणि ती थरथरच चालकाला आवरायची. नव्या सस्पेन्शनवर तो १२० ला शांत पळतो. त्यामुळे कामाचा क्रम उलटा असायला हवा. दोन मार्गांचा ब्रेक सिलिंडर, दुमडणारा दांडा, खांद्यावरून येणारा बेल्ट आणि केबिनबाहेर टाकी ही कामे आधी आणि सस्पेन्शन नंतर. यातली बरीचशी कामे चासीला हात न लावता होतात.

पुढच्या खरेदीदाराचे काय?

ज्याने कापले त्याला निदान काय कापले ते ठाऊक असते. ट्रक विकला गेला की ती माहिती सोबत जाईलच असे नाही. ‘डिस्क ब्रेक, पॉवर स्टीअरिंग’ असे जाहिरातीत ठळक येते. चासी कुठे जोडली, कोणी जोडली, आतून पट्टी आहे की नाही, हे येत नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत खासगी गाड्यांची ठरावीक मुदतीची सुरक्षा तपासणीच नाही. टेक्सासने तर १ जानेवारी २०२५ पासून ती बंद केली. त्याच राज्यात ताशी ८५ मैल, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटर वेगमर्यादेचा रस्ता आहे.

आणखी एक गुंता गाडीच्या ओळखीचा. फोर्डच्या बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये ओळख क्रमांक चासीच्या उजव्या पट्टीवर, पुढच्या बाजूला ठोकलेला असतो. पुढचा भाग कापून भंगारात गेला की तो क्रमांकही गेला. ओळख क्रमांक जाणूनबुजून काढणे किंवा बदलणे हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे. हौशी मालकाचा हेतू चोरीचा नसतो, पण उद्या कागदावरचा क्रमांक चासीवर सापडला नाही तर उत्तर विकत घेणाऱ्याला द्यावे लागते.

म्हणून चासी कापलेल्या ट्रकसोबत जोडाची रंगापूर्वीची छायाचित्रे आणि काम करणाऱ्याची सही असलेला कागद देणे सक्तीचे असावे, ही अपेक्षा फार नाही. तोवर असा कागद नसेल तर खरेदीदाराने गाडी जॅकवर घेऊन केबिनखालच्या पट्ट्या पाहाव्यात. तिथे जाड काळा डांबरी लेप ताजा दिसला तर तो खरवडून दाखवण्याचा आग्रह धरावा. विक्रेता नाही म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

भारतात हे चालेल का?

अमेरिकी ट्रकांचे मुंबईशी जुने नाते आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली आणि १९५४ पर्यंत तिथून शेव्हरोलेच्या मोटारी व ट्रक बाहेर पडत होते. त्या काळातले ट्रक आजही काही संग्राहकांकडे जपलेले आहेत.

पण इथला कायदा दुसऱ्या टोकाचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. क्लिप जोडलेला ट्रक या अटीत बसत नाही. क्राउन व्हिक्टोरियाच्या क्रॉसमेंबरसाठी चासीला घेतलेली खाचही बसणे कठीण.

तिकडे कुणी विचारत नाही, इकडे कुणी परवानगी देत नाही. जोड तपासून चांगल्याला चांगले आणि वाइटाला वाईट म्हणणारी मधली यंत्रणा दोन्हीकडे तोकडी आहे. तोवर महाराष्ट्रातल्या मालकाने व्हिडीओ पाहून गॅस कटर हाती घेण्याआधी आरटीओत जाऊन नोंदणीचा नियम समजून घेतलेला बरा. ड्रम टर्न करून घेणे, ब्रेकच्या सगळ्या नळ्या नव्या टाकणे, पाटे पुन्हा बांधून घेणे आणि किंगपिनचे बुश बदलणे यांत मूळ रूपाला धक्का लागत नाही. एवढे केले तरी हा ट्रक ताशी ६० पर्यंत व्यवस्थित थांबतो आणि घडवला तेव्हा त्याच्याकडून बहुतेक वेळा तेवढ्याच वेगाची अपेक्षा होती.