रिकाम्या तिजोरीची सबब

२४ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीतील मुख्यमंत्री व मुख्य न्यायमूर्तींच्या परिषदेत तत्कालीन सरन्यायाधीश तीरथसिंह ठाकूर यांना पंतप्रधानांसमोर बोलताना अश्रू आवरले नाहीत. न्यायाधीशांची संख्या वाढवा, हेच त्यांचे मागणे होते. त्यांच्या अश्रूंची चर्चा पुष्कळ झाली; मागणी होती तेथेच राहिली.

ही मागणी नवी नव्हती. न्या. डी. ए. देसाई यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९८७ सालीच दर दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश हवेत असे सांगितले होते. तेव्हाचे प्रमाण साडेदहाच्या घरात होते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांत ५० चा आकडा गाठण्याचा आदेश दिला. २०२४ साली केंद्र सरकारने संसदेत सांगितलेला आकडा होता २१. तोही रिक्त पदे जमेस धरून आणि २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने!

इमारतींची कथा वेगळी नाही. २३ ऑक्टोबर २०२१ रोजी औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनप्रसंगी सरन्यायाधीश रमणा यांनी केंद्रीय कायदामंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री यांच्यासमक्ष हिशेब मांडला. कनिष्ठ न्यायालयांत मंजूर पदे २४,२८०, तर न्यायदालने २०,१४३. शंभरातील २६ न्यायालय-संकुलांत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नाही. इमारतींसाठी राष्ट्रीय प्राधिकरण स्थापावे, ही त्यांची सूचना पुढच्याच वर्षीच्या परिषदेत राज्यांच्या विरोधामुळे बारगळली. राज्यांनी केंद्राकडे बोट दाखवावे, केंद्राने राज्यांकडे, आणि पक्षकाराने तारखा मोजाव्यात, असा हा खेळ आहे.

न्यायाधीशांच्या लांब सुट्ट्या पाहा, मग पैसे मागा, असे काहीजण सुनावतात. वरिष्ठ न्यायालयांच्या सुट्ट्यांवरील टीका रास्त असू शकेल. परंतु त्या टीकेची शिक्षा तालुक्याच्या न्यायालयात दिवसभर झाडाखाली बसणाऱ्या कुळाने आणि पोटगीसाठी खेटे घालणाऱ्या परित्यक्तेने का भोगावी?

पैसा नाही, ही सबब तर कायद्यानेच मोडीत काढलेली आहे. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आर्थिक दुर्बलतेचे कारण सांगून शासनाला त्वरित न्यायाची जबाबदारी टाळता येणार नाही. तरीही २०२२ च्या अखेरीस देशातील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदीच होते.

शिवाय तिजोरी सर्वांसाठी सारखीच रिकामी नसते. व्यापारी तंटे लवकर मिटावेत म्हणून २०१५ साली अध्यादेश काढून स्वतंत्र व्यापारी न्यायालयांची तरतूद झाली. भांडवलाचा खोळंबा शासनाला साहवत नाही. बडतर्फ कामगाराचा खोळंबा मात्र सहज साहवतो. धनिकाला उशीर परवडतो, खाजगी लवादही परवडतो. गरिबाला सरकारी न्यायालयाखेरीज दुसरे दार नाही. म्हणून न्यायालयांची उपासमार ही वस्तुतः गरिबांच्या हक्कांची उपासमार होय. १९७६ साली घटनेत घातलेले समान न्यायाचे ३९-अ हे कलम अशा स्थितीत केवळ शोभेचे उरते.

न्यायाधीशांचे अश्रू अंदाजपत्रक बदलू शकत नाहीत; संघटित लोकमत बदलू शकते. रेशन, पाणी आणि शाळा यांसाठी मोर्चे काढणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील रिक्त न्यायासनाचाही जाब विचारला पाहिजे. न्यायाधीशांची मागणी जनतेची मागणी होईल, तेव्हाच तिजोरीचे कुलूप निघेल.