बटण कुठंय, पोरी?

सुट्टीत किनवटला गेले होते. काकांना एका खासगी अ‍ॅपवर फॉर्म भरायचा होता. म्हटलं, "काका, 'पुढे जा' दाबा ना." ते स्क्रीनकडे बघतच राहिले. "बटण कुठंय, पोरी? इथं तर नुसतं लिहिलंय!"

बरोबरच होतं त्यांचं. पांढऱ्या स्क्रीनवर निळी अक्षरं. ना चौकट, ना सावली. ते बटण आहे हे तुम्हाला-मला कळतं, कारण आपण लहानपणापासून तेच बघतोय.

2013 पर्यंत आयफोनमधलं नोट्स अ‍ॅप पिवळ्या कागदाच्या वहीसारखं दिसायचं आणि पुस्तकं लाकडी कपाटात असायची. खऱ्या वस्तूची नक्कल करणाऱ्या या शैलीला म्हणतात स्क्यूओमॉर्फिझम. त्या वर्षी आयओएस 7 आलं आणि सगळं सपाट झालं. मायक्रोसॉफ्टने विंडोज 8 मध्ये सपाट चौकोन 2012 लाच मांडले होते. गुगलने मात्र 2014 च्या मटेरियल डिझाइनमध्ये थोडी सावली ठेवली. मला तर हा मधला मार्गच शहाणपणाचा वाटतो.

सपाट डिझाइन ही नुसती फॅशन नव्हती, हेही खरं. साधे रंग आणि अक्षरं कुठल्याही आकाराच्या स्क्रीनवर बसतात. शिवाय लोकांना आता टचस्क्रीनची सवय झालीय, असं गृहीत धरलं गेलं. पण कुठल्या लोकांना? 2017 मध्ये नीलसन नॉर्मन ग्रुपने 71 जणांवर चाचणी घेतली. बटणाच्या खुणा ठळक नव्हत्या त्या पानांवर सरासरी 22 टक्के वेळ जास्त गेला. आणि ही मंडळी इंटरनेट वापरणारीच होती बरं का!

2025 मध्ये अ‍ॅपलने 'लिक्विड ग्लास' आणलं. खोली परत आली, चकाकी परत आली. पण काचेतून मागचा फोटो दिसतो, वरची अक्षरं वाचता येत नाहीत, अशी ओरड झाली. नोव्हेंबरमध्ये आयओएस 26.1 मध्ये काचेचा पारदर्शकपणा कमी करायची सोय द्यावी लागली. वस्तू खरी दिसणं वेगळं आणि दाबायचं कुठं ते कळणं वेगळं.

आपल्याकडे ही चर्चा फक्त डिझाइनवाल्यांची नाही. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची असते. उद्या अशी अ‍ॅप्स तुमच्यातलेच बीसीएवाले बनवतील. प्रोजेक्ट झाला की तो मित्राला दाखवू नका. त्याच्या आईच्या हातात फोन द्या आणि गप्प बसा.

मला काही गप्प बसता आलं नाही. काकांचं 'पुढे जा' शेवटी मीच दाबलं.