शेवटचं पाच टक्के पाणी

खराडीहून नगर रस्त्याने वाघोलीकडे जाताना दगडाच्या खाणी लागतात. तिथल्या काळ्या बसाल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइटचे, ह्युलँडाइटचे झुपके सापडतात. ही झिओलाइट कुळातली खनिजं. तापवली की अंगातलं पाणी सोडतात, म्हणून 1756 मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेटने त्यांना ‘उकळणारा दगड’ या अर्थाचं नाव दिलं. याच कुळातला, पण माणसाने घडवलेला दगड आपल्या साखर कारखान्यांचं इथेनॉल कोरडं करतो.

डिस्टिलरीच्या कॉलममध्ये अल्कोहोल वजनाने साधारण 95.6 टक्क्यांवर अडतं. पुढे कितीही उकळा, पाणी सोबतच वर येतं. पेट्रोलसाठी मात्र 99.5 टक्के लागतं. पाणी राहिलं तर टाकीत दोन थर पडतात. म्हणून अल्कोहोलची वाफ त्या घडवलेल्या झिओलाइटच्या, म्हणजे मॉलिक्युलर सिव्हच्या, दाण्यांतून नेतात. ज्वारीएवढे कोरडे दाणे तळहातावर घेऊन दोन थेंब पाणी टाकलं की ते गरम झालेले लगेच जाणवतात, इतक्या हावरेपणाने ते पाणी धरतात. ते सोडवायला तयार कोरड्या अल्कोहोलचाच काही भाग उलटा फिरवावा लागतो आणि पुन्हा कॉलमला चढवावा लागतो. त्यात वाफ जाते, म्हणजेच बगॅस, उसाचा चोथा, जळतो.

झिओलाइटचा पडदा हा फेरा वाचवतो. सच्छिद्र अ‍ॅल्युमिनाच्या नळीवर झिओलाइटचे बारीक कण बियाण्यासारखे चोळायचे, मग ती सोडियम सिलिकेट आणि अ‍ॅल्युमिनेटच्या दुधाळ मिश्रणात 100 अंशांच्या आसपास काही तास ठेवायची. स्फटिक वाढून एकमेकांत रुततात. त्यांची छिद्रं 0.4 नॅनोमीटरची, नळीत व्हॅक्यूम लावला की पाणी आत जातं, इथेनॉल बाहेर राहतं. दोन स्फटिकांमध्ये फट राहिली तर मात्र नळी वाया. जपानमध्ये मित्सुई कंपनीने असे पडदे दोन दशकांपूर्वीच कारखान्यात बसवले.

आपल्याकडे काय कमी आहे? पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामींच्या चमूने झिओलाइटचे उत्प्रेरक घडवून कारखान्यांपर्यंत नेले. डिस्टिलऱ्या उभारणारी प्राज कंपनी पुण्याचीच. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तर खराडीच्या नदीपलीकडे, मांजरीत. 2001 मध्ये इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या सुरुवातीच्या चाचण्याही मिरज आणि मनमाडला झाल्या.

प्रयोगशाळा, प्राज आणि इन्स्टिट्यूट या तिघांनी मिळून एखाद्या सहकारी कारखान्याच्या चालत्या डिस्टिलरीवर अख्खा हंगाम पडदा चालवावा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. बाटलीतल्या शुद्ध अल्कोहोलवर नको. आम्लाचा अंश असलेल्या खऱ्या मालावर, कारण आम्ल हाच या झिओलाइटचा शत्रू. आणि नळ्या किती महिने टिकल्या, वाफ किती वाचली, हे आकडे कारखान्याच्या वार्षिक सभेत ऊस घालणाऱ्या सभासदांना वाचून दाखवावेत.